माझे व्याही आणि गप्प बसलेला सिलिंडर

मोटारीचा बारीकातला बारीक आवाज ऐकणारा आणि माणसाचा मोठ्यातला मोठा आवाज न ऐकणारा असा एकच गृहस्थ मी आजवर पाहिला, आणि दैवाने तो माझा व्याही केला. मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही भुईगावला गेलो तेव्हाची गोष्ट. अंगणात गाडी उभी करून मी हात जोडले, तर हे गृहस्थ माझ्याऐवजी गाडीकडे बघत म्हणाले, "फॅनबेल्ट ढिला आहे." आमच्या ओळखीतलं हे पहिलं वाक्य. आत चहापोहे झाले, मुलामुलीचं बोलणं झालं, लग्नाच्या महिन्यापर्यंत गोष्ट आली, तरी मुलाचे वडील कुठे दिसेनात. ते बाहेर माझ्या गाडीच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरले होते. विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "त्यांचा होकार आहे. नकार असता तर त्यांनी तुमच्या गाडीला हात लावला नसता."

त्यांची स्वतःची मोटार वाडीत, चिकूच्या झाडांमागे, पत्र्याच्या शेडखाली राहते. वडिलांनी घेतलेली, काळी, गोल पाठीची, पुढची दारं उलटी उघडणारी. तिचे भाग आता कुठल्या दुकानात मिळत नाहीत, म्हणून व्याही रविवारी सातिवलीच्या भंगाराच्या गोदामांत ढिगात हात घालून बसतात आणि संध्याकाळी पिशवीभर लोखंड घेऊन परततात. मग ते लोखंड घरभर पसरतं. लोणच्याच्या बरणीत डिझेलमध्ये बुडवलेलं बेअरिंग, पापडांच्या फडक्यावर पापडांच्या मांडीला मांडी लावून वाळणारे प्लग. पाहुणा टेकला की त्याच्या तळहातावर एखादा तुकडा ठेवायचा आणि म्हणायचं, "ओळखा." मला एकदा पितळेचा तुकडा मिळाला. मी म्हणालो, नळाची तोटी. "रेडिएटरची," ते म्हणाले, आणि त्यांचा स्वर असा दुखावलेला होता की जणू मी त्यांच्या पोराला शेजाऱ्याच्या पोराच्या नावाने हाक मारली होती.

गाडीचा उल्लेख ते 'ही' असाच करतात, त्यामुळे एकदा मोठाच घोटाळा झाला. सकाळी त्यांचा फोन आला, "हिचं काही खरं नाही व्याही. चार दिवस खोकतेय. आज घसा उघडतो." माझी बायको हातातलं काम टाकून रिक्षाने भुईगावला धावली. विहीणबाई ओट्यावर बसून कोलंबी सोलत होत्या, आणि व्याही मांडीवर कार्बोरेटर घेऊन त्यात फुंकर मारत होते.

दुखणं ओळखायची त्यांची रीत ठरलेली. इंजिन चालू ठेवायचं, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग निदान. ते चुकल्याचं मला आठवत नाही. म्हणूनच त्यांचे कान जाऊ लागले तेव्हा कुणाला कळलं नाही. हाक मारली तर ओ न देणं ही त्यांची जन्माची सवय. बहिरेपण त्या सवयीआड बेमालूम लपलं.

ते उघड झालं अर्नाळ्याच्या रस्त्यावर. नातवाचं बारसं होतं, आणि व्याह्यांच्या म्हाताऱ्या आत्याला आमंत्रण द्यायला आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून निघालो होतो. गाडी आचके देत होती. मला मोटारीतलं काही कळत नाही, पण मलाही ते कळत होतं. व्याही मात्र स्टिअरिंगवर बोटांनी ताल धरून म्हणाले, "काय झकास चाललीय." मागच्या सीटवर विहीणबाईंनी एकदम त्यांच्याकडे पाहिलं.

बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, तिथल्या चढावर गाडी अडली. व्याही उतरले. फडफडत्या इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून, मूठ कानाला लावून बराच वेळ उभे राहिले. मग मूठ दुसऱ्या कानाला लावली. बोंबील उलटत असलेली एक बाई लांबून म्हणाली, "काका, पानी पायजे का गाडीला?" त्यांना ते ऐकू गेलं नाही. ते मडगार्डला टेकून खाली बघत म्हणाले, "काही बोलतच नाही ही."

सांत्वन करावं तर तेही त्यांना ओरडून ऐकवावं लागलं असतं.

विहीणबाई खाली उतरल्या. पदर खोचून इंजिनापाशी उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या, "तीनच चालतायत. एक गप्प आहे."

व्याही त्यांच्याकडे बघतच राहिले. "कुठला?"

"ते तुम्ही शोधा. स्वैपाकघरातून मला एवढंच कळतं."

मग व्याह्यांनी प्लगची एकेक वायर काढायला सुरुवात केली. वायर काढायची, बायकोकडे बघायचं. "बदलला आवाज?" त्या मान डोलवायच्या. वायर परत लावायची, पुढची काढायची. शेवटच्या वायरला विहीणबाईंनी नकारार्थी मान हलवली. वायर काढूनही इंजिनाला फरक पडला नव्हता; गप्प बसलेला सिलिंडर तोच. व्याह्यांनी डिकीतून जुना, घासून ठेवलेला प्लग काढून तिथे बसवला. गाडी सरळ चालू लागली. ते त्यांना ऐकू आलं नाही, पण विहीणबाईंचा चेहरा सैल झालेला दिसला.

त्यांच्या मुलाने नंतर कानाचं यंत्र आणून दिलं. त्यात वारा फार वाजतो म्हणून ते व्याह्यांनी उघडून पाहिलं आणि तेव्हापासून ते कामातून गेलं. परवा दुपारी गेलो तर व्याही बॉनेटखाली होते आणि विहीणबाई शेडच्या दाराशी स्टुलावर बसून वाल सोलत होत्या.

"तुम्ही हे शिकलात कधी?" मी विचारलं.

"शिकतेय कसली? मला ती गाडी कधी आवडली नाही भाऊ," त्या म्हणाल्या. "पण ती बिघडली की हे जेवायचे नाहीत. ताट वाढायचं की नाही ते कळायला तिच्याकडे कान ठेवावा लागायचा."

तेवढ्यात व्याह्यांनी डोकं वर काढून विचारलं, "आता?" विहीणबाईंनी वालाने ओला झालेला हात उचलला, बरं आहे म्हणून. व्याह्यांनी तो नीट पाहिला, समाधानाने इंजिन बंद केलं आणि हात पुसत पायरीवर आमच्याजवळ येऊन बसले. वाडीत एकदम शांत झालं. पलीकडच्या माडांत भारद्वाज घुमत होता. विहीणबाईंनी बोट करून तिकडे दाखवलं, आणि व्याही झाडाकडे बघून बराच वेळ मान डोलवत राहिले.