तळाची डाळ

पुंडलिकनगरातल्या आमच्या ग्राहक भांडारात ती आली की आधी पोत्यात कोपरापर्यंत हात घालते, तळाची तूरडाळ वर काढते आणि हुंगते.

"मावशी, गिऱ्हाइकांनी काउंटरच्या बाहेर थांबायचं," व्यवस्थापक म्हणतो.

"गिऱ्हाईक नाय मी. शेअर घेतलाय, मालकीण हाय."

सभासद झाल्यापासून ती दुकानाची पायरीसुद्धा झाडते. कुणी हसलं, तर आणखी जोरात झाडते. मला ती लई आगाऊ वाटायची.

यंदाच्या वार्षिक सभेत अध्यक्षांनी भांडार एका व्यापाऱ्याला चालवायला द्यायचा ठराव भराभर वाचला. आमच्याकडं ठराव कुणी ऐकत नाही. अध्यक्ष "मंजूर?" विचारतात, आम्ही "मंजूर" म्हणतो आणि नाश्त्याकडं वळतो. याही वेळी वळलो. ती मात्र उभी राहिली.

"नामंजूर."

"अहो, झालाय मंजूर. बसा खाली," अध्यक्ष म्हणाले.

"तो व्यापारी मला पोत्यात हात घालू देईल का? दुकान आमचं, अन् आम्हालाच न समजावता देऊन टाकायलात? पुन्हा वाचा."

"मावशी, चहा गार व्हायलाय सगळ्यांचा."

"होऊ द्या. पत्ती आपल्याच दुकानातली हाय. दुसरा करू."

कुणीतरी हातातली बशी खाली ठेवली. मग मीही ठेवली. एकेक करून आम्ही खुर्च्यांवर परत येऊन बसलो. अध्यक्षांनी घडी घातलेला कागद नाइलाजानं उघडला.

"सावकाश वाचा," ती उभ्यानंच म्हणाली. "मालक ऐकायलेत."