सुंदरबाईचा डावा पाय

सानगडीच्या बाजारात सुंदरबाईच्या मापाच्या चपला मिळत नाहीत. उजव्या पायाची मिळते, डाव्याची नाही. डावा पाय गुडघ्यापासून खाली सुजलेला, जड, घोट्यापाशी वळ्या पडलेला. हत्तीपाय. दुकानदार मोठं माप काढून देतो, ती तेच घेते आणि उजव्या चपलेत चिंध्या कोंबते. पण तिचं रडगाणं कधी कोणी ऐकलं नाही. उलट तिच्या तोंडाला लागायची गावात कोणाची छाती नाही.

तिला भीती होती ती एकाच गोष्टीची, खुशबूची. खुशबू तिची नात, मुलगा अनुप आणि सून डिंपल यांची एकुलती एक, पाचवीत शिकणारी. सुंदरबाईच्या आईचाही पाय असाच होता. त्यामुळे हे घराण्यातनं येतं आणि अंगाला अंग लागलं की पुढं सरकतं, असं तिनं मनाशी पक्कं धरलेलं. पोर रांगायला लागली तेव्हापासून तिनं तिला मांडीवर घेतलं नाही. स्वतःची खाट वेगळी, पाण्याचा गडवा वेगळा, चटई वेगळी. पोरगी जवळ सरकली की म्हणायची, "तिकडंच बस माय, मले गरम होऊन राहिलं." थंडीतही तिला गरमच होत असे. पोरगी काय समजायचं ते समजली. उंबऱ्यावर बसून आजीच्या गोष्टी ऐकायची आणि झोपायला आबाजीच्या, म्हणजे सुंदरबाईचा नवरा श्रावण याच्या कुशीत जायची. सुंदरबाईचा जीव तुटायचा, पण बोलणार कोणाजवळ?

आता गंमत पाहा. नातीची एवढी राखण करणाऱ्या या बाईनं सरकारनं फुकट वाटलेली औषधाची मच्छरदाणी मात्र सांबाराच्या वाफ्याभोवती बांधली होती. सांबार म्हणजे कोथिंबीर, भंडाऱ्यात राहायचं तर एवढं ठाऊक पाहिजे. कोंबड्या कोवळा सांबार टोचून खातात म्हणून हा बंदोबस्त. म्हणजे सांबार मच्छरदाणीत आणि माणसं उघड्यावर. घरामागं सांडपाण्याचं डबकं होतंच, डासांची चैन होती.

श्रावणची तऱ्हा आणखी न्यारी. हत्तीपायाच्या गोळ्या वाटायला दरवर्षी आरोग्यवाले यायचे, समोर गिळायला लावायचे. हा बुवा गोळी जिभेखाली दाबून पाणी प्यायचा आणि ते वळले की गोठ्यामागं जाऊन थुंकायचा. "मले काय झालं? ज्याचा पाय सुजला त्यानं खावा गोळ्या," म्हणायचा. आबाजीचं पाहून खुशबूही तेच शिकली.

यंदा गावात रक्ततपासणी निघाली. आरोग्य केंद्राची मेघा सिस्टर रात्रीची जेवणं झाल्यावर घरोघर फिरून सगळ्यांची बोटं टोचत होती. सुंदरबाईनं बोट पुढं केलं, पण तोंड बंद ठेवेल ती सुंदरबाई कसली. "दिवसा रक्त नसते का अंगात? आत्ताच कायले?"

"या रोगाचे बारीक जंतू दिवसा आत दडून बसतात, मावशी. रात्री रक्तात फिरायला निघतात," सिस्टर म्हणाली. "डास रक्त पितो तेव्हा ते त्याच्या पोटात जातात. शंभराहून जास्त वर्षं झाली, एका डॉक्टरनं डासांची पोटं चिरून हे शोधलं."

"डासाचं पोट चिरलं? काई कामधंदा नव्हता का त्याले?" सुंदरबाई म्हणाली आणि बोट लुगड्याला पुसून आत गेली.

काही दिवसांनी भर दुपारी सिस्टर परत आली. छपरीत बसली, पाणी प्यायली आणि सरळ सांगितलं, "खुशबूच्या रक्तात जंतू निघाले."

सुंदरबाईनं कपाळावर हात मारला. "माह्यापासूनच लागलं ना वो बाई? मी तं एवढी दूर ठेवली तिले. हातसुद्धा लावू नाई दिला."

"तुमच्या रक्तात एकही जंतू नाही, मावशी. पाय सुजेपर्यंत बहुतेकांच्या रक्तातले जंतू संपलेले असतात. श्रावणकाकांच्या रक्तात मात्र आहेत, चांगले भरपूर."

तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेल्या श्रावणचा हात थांबला. "मले तं काईच होत नाई."

"तेच तर. ज्याला काही होत नाही, त्याच्याकडूनही डास घेऊन जातो. कुशीत घेतल्यानं लागत नाही, शिवल्यानं लागत नाही. डास चावल्यानंच लागतं. पोरीचं वेळेवर कळलं, औषध नीट घेतलं तर पाय सुजायची भीती फार कमी."

सुंदरबाई उठली, परसात गेली आणि वाफ्याभोवतीची मच्छरदाणी खस्सकन ओढून काढली. कोंबड्या लगेच सांबारात शिरल्या. इकडे सिस्टरनं दिलेल्या गोळ्या श्रावणनं गिळल्या आणि कोणी न सांगता सिस्टरसमोर आ करून जीभ वर करून दाखवली. मग खुशबूनंही दाखवली.

जाण्याआधी सिस्टरनं पायाची निगा समजावली. रोज साबणानं धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, बसताना पाय उंच ठेवायचा. सूज सगळी उतरेल असं नाही, पण या पायामुळं वरचेवर येणारा ताप थांबेल. खुशबूनं बादली आणून खाटेवर बसलेल्या आजीपुढं ठेवली आणि सवयीनं परत उंबऱ्यावर जाऊन बसली.

"इकडं ये ना वो," सुंदरबाई म्हणाली.

पोरगी आली, पण हातभर लांब उभी राहिली. "हात लावू, आजी?"

"लाव."

खुशबूनं हळूच घोट्यावर साबण फिरवला. मग वळ्यांमधून, मग एकेका बोटाच्या बेचकीतून. सुंदरबाईच्या डोळ्यांना धार लागली, तिनं ती लपवली नाही.

"दुखते का?"

"नाई वो माय. काईच नाई दुखत."

दहा वर्षांची पोरगी आता मांडीवर मावत नव्हती, पाय खाटेखाली लोंबत होते, हातांचा साबण लुगड्याला लागत होता. तरी सुंदरबाईनं तिला मांडीवर घेतलं.