उसाच्या दांडीवर कोहळं

नत्थुजींची उमर बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर पोती वाहण्यात गेली. गहू, सिमेंट, खत. जे आलं ते उचललं, आणि नीट उचललं. पोतं फाटलं तर ती हमालाची चूक, असं ते मानत. काम सोडल्यावर एक दिवस पाण्यानं भरलेला पितळी गुंड उचलताना मणका सरकला. डॉक्टरांनी ओझं बंद केलं. बायकोनं, रुख्मिणीबाईंनी, त्यावर आपली अट घातली.

"वजन उचललं, का तुमचा बाजार बंद."

आठवडी बाजार सोडला तर नत्थुजींना घराबाहेर पडायला दुसरं निमित्त नव्हतं. त्यांनी अट मानली.

तुळशीच्या लग्नाआधीच्या बाजाराला त्यांच्यासोबत नातवंडं निघाली. रागिणी थोरली, अंकुर धाकटा. दिवाळीच्या सुटीत अमरावतीहून आलेली. निघताना रुख्मिणीबाईंनी अंकुरला बाजूला घेतलं.

"आबावर नजर ठेवजो. मले खरं सांगजो."

"मला काय देशील?"

"बोंडं."

कोहळ्याची तळलेली गोड बोंडं म्हटल्यावर पोरगं इमानी झालं.

बाजार भरात होता. सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्यांचा वास, हिरव्या तुरीच्या शेंगांचे ढीग. पोरांनी शेंगा खात खात मांडवासाठी दोन जाड ऊस घेतले. मग पुंजाजीच्या दुकानी रागिणीनं ढिगातलं सगळ्यांत मोठं, लाल भोपळ्याचं कोहळं धरलं ते सोडेचना.

"घेऊ द्या नत्थुजी," पुंजाजी म्हणाला. "तुमाले हे काय ओझं? तुमी तं पोतं पाठीवर घेऊन गप्पा हाणायचे."

नत्थुजी फुलले. गुडघे आपोआप वाकले, हात कोहळ्याकडे गेले.

"आबा! मी बघतोय!"

"पोलीस घेऊन आले का सोबत?" पुंजाजी खो खो हसला.

मग पोरांनीच कोहळं पोटाशी धरलं. चार पावलांत धापा टाकत खाली ठेवलं.

"असं कोन नेते? पाय तरी दिसते का तुले?" नत्थुजींनी गळ्यातला दुपट्टा काढला. कोहळं जमिनीवरच त्यात बसवलं, चारी टोकांची गाठ मारली आणि ओढून पाहिली. दोन्ही ऊस एकत्र धरून गाठीतून घातले. गाठ रागिणीच्या बाजूला सरकवली. ती दांडगी, तिच्याकडे भार जास्त. अंकुर पुढे, रागिणी मागे.

"उचला. कमरेतून नाई, गुडघ्यातून."

उचललं. अंकुरला शाळेची कवायत आठवली. "लेफ्ट! राइट!" दोघांची पावलं जुळली आणि कोहळं घंटेसारखं डुलायला लागलं. तिसऱ्या झोक्याला ते गोदाबाईंच्या टमाट्यांच्या ढिगात घुसलं.

"अवं पलटन!" गोदाबाई ओरडल्या. "बाजार हाय का परेड?"

नत्थुजींचे दोन्ही हात कोहळ्याखाली गेलेच होते. बोटभर अंतरावर ते थांबले. या हातांनी जन्मभर पडणारं ओझं झेललं होतं. त्यांना मागे ओढून पाठीशी बांधणं, हे त्या दिवसातलं सगळ्यांत जड काम ठरलं.

पोरांनी टमाटे वेचून दिले. नत्थुजी तिथंच शिकवायला उभे राहिले.

"पाय जुळवू नोका. त्याचा उजवा, तं तुजा डावा. आमी दोघं हमाल मोठी पेटी न्यायचो तं असेच चालायचो. पुन्हा."

पुन्हा डुललं.

"पुन्हा."

मग जमलं. कोहळं दोघांच्या मधे निवांत झालं, जणू झोपलं. गोदाबाईंनी दोन टमाटे पोरांच्या खिशात कोंबले. वाटभर नत्थुजी रिकाम्या हातांनी मागून चालले, मुकादमासारखे ओरडत. अंकुरनं मान वाकडी करून उसाच्या टोकाला दात लावला.

"काय बे, मांडव खाऊन राहिला का?"

दारात रुख्मिणीबाई उभ्या होत्या. "कोनं आनलं?"

"आम्ही," अंकुर म्हणाला. "आबा नुसते ओरडत होते."

"हात लावला?"

"जमिनीवर असताना बांधलं. उचललं नाही. एकदा हात पुढे गेले होते, पण त्यांनीच मागे घेतले."

रुख्मिणीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा उसाकडे पाहत होता. त्या हसू दाबून कोहळं आत न्यायला वाकल्या.

"अवं, कमरेतून नोको! गुडघ्यात बस आधी! हात खालून घाल! आता—"

"जाजा बावा, पुढल्या बाजारालेही जाजा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "तेवढाच माह्या कानाले आराम."

आणि गुडघ्यातून उठल्या.