पडद्यावरचं नाव

उशांना अभ्रे चढवत होते. शेवटची उशी अर्धी आत, अर्धी बाहेर, तेवढ्यात माझे धाकटे दीर दारातूनच ओरडले, "वहिनी, आजपासून मला तेजराज म्हणायचं!"

"म्हणेन की. आधी चपला बाहेर काढा, तेजराज."

लहानपणापासून भाऊजींचं एकच पालुपद. "पडद्यावर येईन, नाहीतर नाव बदलीन!" नोकरी लागली ती पडद्यांच्या दुकानात. तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "देवाने ऐकलं रे तुझं, पण जरा घाईत ऐकलं." तेव्हापासून गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात स्क्रू. स्क्रू तोंडात धरून ते जे बोलतात ते फक्त दुकानाच्या मालकांना आणि मला कळतं.

मागच्या महिन्यात एका बंगल्यात पडदे लावायला गेले, तर तिथे सिनेमाचं काम चाललेलं. भाऊजी स्टुलावर चढून खिडकीची मापं अशा थाटात ओरडत होते, जशी काही राजाची फर्मानंच. दिग्दर्शकाने ऐकलं आणि पडदेवाल्याचंच काम देऊन टाकलं. बोलायची तीन वाक्यं आणि शेवटी स्टुलावरून पडायचं. म्हणजे पडद्यावर आले, आणि तरी नाव बदलायची वेळ आली! कारण त्यांच्या नावाचे दोन नट आधीच आहेत. एकाने सिनेमात मार खाल्ला की दुसऱ्याच्या घरी लोक चौकशीला जातात म्हणे. तिसऱ्याची भर नको, आज संध्याकाळपर्यंत नवं नाव कळवा, असा सिनेमावाल्यांचा निरोप होता.

सासूबाई जपाला बसल्या होत्या. माळ थांबली.

"देवाचं नाव ठेवलं मी तुझं. तुला हाक मारता मारता तरी देव तोंडी यावा म्हणून. ते टाकून हा कुठला तेजराज आणलास?"

"आई, अगं सगळेच नट बदलतात."

"सगळ्यांना आई नसेल."

एवढं बोलून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. भाऊजींचा चेहरा एवढासा झाला. माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आले.

"वहिनी, ती नाही म्हणाली तर मी कळवणारच नाही. सिनेमा गेला उडत." मग हळूच म्हणाले, "खरं सांगू? लोक हसले, नावं ठेवली, तर ती तेजराजला ठेवतील. मी आपला दुकानात मापं घ्यायला मोकळा."

"अहो, स्टुलावरून पडताय तुम्ही! लोक हसले नाहीत तर काळजी करा."

यावर भाऊजींनी ताट वाढून घेतलं.

मी बाहेर येऊन सासूबाईंच्या कानाशी लागले. "हाक मारून तर बघा. ज्या नावाला ओ देतील ते खरं."

सासूबाईंना परीक्षा घ्यायला भारी आवडतं. त्यांनी खणखणीत हाक दिली, "तेजराज!" आतून फक्त चमच्याचा आवाज. मग त्यांनी स्वतः ठेवलेलं देवाचं नाव घेतलं. इतक्या वर्षांनी घेतलं, की मधलं एक अक्षर गळालंच. आतून पुन्हा चमचाच. शेवटी चिडून ओरडल्या, "ए ढब्ब्या!"

"ओ, आई!" हात खरकटा, तोंडात घास, आणि स्वारी उंबऱ्यात हजर.

सासूबाई आधी ओशाळल्या, मग पदर तोंडाला लावून हसल्या. देवाला हजार नावं, कुठल्याही नावाने हाक मारा, तो वळून बघतो. आमचे भाऊजी काही देव नाहीत.

"ढब्बू पण मीच ठेवलंय," सासूबाई म्हणाल्या. "दे तेच. त्या नावाचा दुसरा नट असेल तर मला आणून दाखव."

"आई, एवढ्या मोठ्या पडद्यावर ढब्बू?"

"लोक नावं ठेवणारच आहेत ना? मग मी ठेवलेल्याला ठेवू देत."

भाऊजी उंबऱ्यातच उभे राहून दोन-तीनदा पुटपुटले, ढब्बू, ढब्बू. मग स्क्रू तोंडात असल्यासारखं म्हणून बघितलं. तसंही स्पष्ट ऐकू येत होतं. हसले एकदाचे.

मी उरलेली उशी अभ्र्यात ढकलली आणि सासूबाईंच्या पाठीशी ठेवली. त्यांची माळ पुन्हा सुरू झाली. भाऊजींनी हात धुतले, टेप गळ्यात घातला. आता नाव कळवायचं, आणि तिथून परस्पर दातांच्या डॉक्टरांकडे जाऊन खिडकीचं माप घ्यायचं.