अक्काची कोमट भरती

सहलीची बॅग झाडताना तळाशी वाळू हाताला लागली आणि माझी थोरली बहीण, अक्का आठवली. धुळ्याहून तिला पहिल्यांदाच समुद्रावर नेलं, तेव्हा माझ्या यादीत त्यासाठी सकाळी आठची वेळ होती. ओहोटीचं पाणी गार होतं.

"मन्हा गुडघा दुखतीन, मी नही येवाव," म्हणत ती काठावरच बसली.

"दुपारी या. भरती तापलेल्या वाळूवरून येते," एक कोळीण म्हणाली.

दुपारी अक्काने भीतभीत पाऊल बुडवलं.

"आरे, समिंदरना बंब कोनी पेटाडा?" ती ओरडली आणि साडी खोचून गुडघाभर पाण्यात शिरली. तासभर बाहेर येईना.

पुढची दोन मंदिरं चुकली म्हणून मी चिडलो होतो. आता वाटतं, आणखी चार चुकली असती तरी चाललं असतं.