त्याच्या रंगाचा फोटो

प्रिंटर मीच निवडला होता, हे आधी सांगून टाकते. नवऱ्यावर ढकलायची सोय नाही.

शिरूरला आमचा फोटो स्टुडिओ होता, एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर. नवरा लग्नं, साखरपुडे, वाढदिवस शूट करायला जायचा आणि मी दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. रोल जाऊन डिजिटल कॅमेरे आले होते, पण मोठा फोटो काढायचा तर पुण्याच्या लॅबवर पाठवावा लागायचा आणि त्यात दोन-तीन दिवस मोडायचे. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही. गेलेल्या माणसाचा फोटो तर उद्याच हवा असतो. म्हणून आपलाच मोठा प्रिंटर घ्यायचं ठरलं, तेरा इंच रुंद कागद घेणारा आणि शाई बाहेरून भरता येईल असा. बनवणाऱ्या कंपनीच्या महागड्या शाईवर धंदा करायचा, तर दुकानाला कुलूप लावून घरी बसलेलं बरं.

महिनाभर मला दुसरं काही सुचत नव्हतं. पुण्यातल्या पाच दुकानांत तेच प्रश्न विचारत फिरले. कागदावर शाई सोडणारं हेड मशिनमध्ये आहे की शाईच्या डबीत, म्हणजे कार्ट्रिजमध्ये? सगळे रंग सुटे आहेत की एकाच डबीत कोंबलेत? शाई संपली की कार्ट्रिजवरची चिप अडून बसते, ती परत शून्यावर आणता येते का? आतली शाई बाहेरून दिसते का? प्रश्न मी विचारायची आणि दुकानदार उत्तर द्यायचा नवऱ्याकडे बघून. पाचव्या दुकानात मी नवऱ्याला चहा प्यायला बाहेर पाठवलं, तेव्हा कुठे तो माणूस माझ्याशी बोलला.

तिथे दोन मशिनं उरली. एक चार रंगांचं. त्याचं हेड कार्ट्रिजमध्येच, म्हणजे शाई सुकली तर कार्ट्रिज फेकायचं, मशिनला काही होत नाही. दुसरं सहा रंगांचं, फिकट गुलाबी आणि फिकट निळा जादा, पण हेड मशिनमध्येच बसवलेलं. त्यात शाई सुकली की मशिनच आडवं. शिरूरचं लोडशेडिंग बघता पहिलंच घ्यावं असं चहा पिऊन आलेल्या नवऱ्याचं म्हणणं होतं, आणि ते बरोबर होतं. मी पिशवीतून सीडी काढली. कवठे येमाईच्या एका नवरीचा फोटो मुद्दाम बरोबर आणला होता, तो दोन्ही मशिनांवर काढायला लावला. पहिल्यावर तिच्या गालावर बारीक ठिपके दिसले. दुसऱ्यावर गाल सायीसारखा आला.

"ह्येच घ्यायचं," मी म्हणाले.

"आन् हेड चोकप झालं तर?"

"रोज एक प्रिंट काढीन. सुकू देतीय व्हय मी?"

दुकानदारानं शाईच्या बाटल्या, सिरिंज, सुया आणि चिप शून्यावर आणायचं छोटं यंत्र असं सगळं बांधून दिलं. मी इतकं काही विचारलं होतं. ही शाई भिंतीवर किती दिवस टिकते, एवढं मात्र विचारलं नाही.

मशिन चाललं. मी शब्द पाळला, हेड सुकू दिलं नाही. बोटं कायम निळी-गुलाबी असायची, भाकरी थापताना सासूबाई तोंड फिरवायच्या. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाचं एकच मागणं असायचं, "ताई, जरा उजळ करा." नवरीला उजळ करा, बारशाच्या पोराला उजळ करा, गेलेल्या आप्पांना उजळ करा. काळं राहायला कुणी तयार नव्हतं, मेल्यावरसुद्धा. माझ्या हाताला सवयच लागली. फोटो उघडायचा, चेहरा निवडायचा, तीन ठिकाणी माउस ओढायचा, सेव्ह करायचं, प्रिंट द्यायची. मूळ फोटो वेगळा ठेवावा, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. क्लासमध्ये शिकवलं होतं. पण हार्ड डिस्क सारखी भरायची, आणि गोरा केलेला माणूस परत काळा करून मागायला तोवर कुणी आलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ दौंडला आईजवळ राहायचा आणि कुरकुंभला कंपनीत शिफ्टला जायचा. सकाळची शिफ्ट करून मोटरसायकलवर घरी येताना सोलापूर रोडवर अपघातात गेला. सत्तावीस वर्षांचा होता.

फोटोवाल्याचा मेहुणा, आणि त्याचा एक धड फोटो नाही. सुट्टीच्या दिवशी तो माझ्या नवऱ्याबरोबर लग्नांत लाइट धरायला जायचा. किती अल्बम त्याच्या उजेडात निघाले, पण कॅमेऱ्यासमोर तो कधी आलाच नाही. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये मागच्या रांगेत आहे, फ्लॅशनं सगळ्यांबरोबर पांढरा पडलेला. उरलं ते कंपनीचं ओळखपत्र. गेटवरच्या साध्या कॅमेऱ्यानं काढलेला फोटो, फ्लॅश नाही, हसू नाही. पण तो अगदी तोच होता. त्या कॅमेऱ्याला माणसाला गोरं करायची अक्कल नव्हती.

ते कार्ड मी स्कॅन केलं. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला बुद्धमूर्तीशेजारी ठेवायला बारा बाय अठराचा फोटो हवा होता. मी रडत होते आणि माझा हात चालत होता. चेहरा निवडला, तीन ठिकाणी माउस ओढला, सेव्ह केलं. प्रिंट फार सुंदर आली, सगळे तसं म्हणाले. कार्ड नवऱ्यानं कंपनीत नेऊन दिलं, कागदपत्रं पूर्ण व्हायला ते जमा करावं लागत होतं.

वर्ष व्हायच्या आत आई शिरूरला आली. दौंडहून एकटी, एसटीनं, टॉवेलात गुंडाळलेली फ्रेम मांडीवर घेऊन. सकाळी दुकान उघडताना ती पायरीवर बसलेली दिसली.

"बघ की," तिनं टॉवेल सोडला, "कावीळ झाल्यावानी दिसतोय."

तिच्या घरी फोटो दारासमोरच्या भिंतीवर होता, दुपारचं ऊन थेट त्याच्यावर यायचं. भरलेल्या शाईतला गुलाबी सगळ्यात आधी उडतो, हे मला गिऱ्हाइकांच्या तक्रारींवरून कळायला लागलं होतं. आईला मी बोलले नव्हते. लाज वाटत होती.

"पाच मिनिटांचं काम हाय, आई. फाइल हाय माझ्याकडं." मी नवी प्रिंट काढून तिच्या हातात दिली.

तिनं ती लांब धरली, मग जवळ घेतली.

"ह्यो बी गोराच."

"म्हंजी?"

"तवा बोलले न्हाई. मानसं जमली हुती, तू बी रडत हुतीस. पण आता करतीयाच, तर त्याच्या रंगाचा कर. माझा काळा हुता."

मी मूळ स्कॅन उघडायला गेले. फोल्डरमध्ये एकच फाइल होती, ती उजळ केलेली. मी सीड्या काढल्या, एकेक घालून बघितली. दोन वर्षांची लग्नं निघाली, तो निघाला नाही. नवऱ्यानं कुरकुंभला फोन लावला. टाइम ऑफिसमधला माणूस भला होता, नीट बोलला. जमा झालेली कार्डं कापून टाकतात आणि माणूस कमी झाला की त्याचा फोटोही कॉम्प्युटरमधून काढतात, असं त्यानं सांगितलं.

आईला मी खरं ते सांगितलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"मग आता कर की काळा," ती म्हणाली. "एवढं मशीन हाय."

उजळ केलेला चेहरा गडद केला की जुना रंग परत येत नाही, येतो तो मळ. हे तिला कसं सांगणार? मी करायला बसले. प्रत्येक प्रिंट पायरीवरच्या उजेडात नेऊन तिला दाखवायची आणि ती मान हलवायची.

"ह्यो राखंत लोळल्यावानी."

"ह्यो लाल. दारू पिल्यावानी दिसतोय. पीत हुता का तो?"

"ह्यो न्हाई."

काळी शाई संपली, सिरिंजनं भरली. गुलाबी संपली, ती भरली. शाईची काळजी नव्हती, त्यासाठीच तर ते मशिन घेतलं होतं. हव्या तितक्या प्रिंटा काढता येत होत्या आणि त्यातली एकही माझा भाऊ नव्हती.

दोन वाजता लाइट गेली. आम्ही दोघी अंधारलेल्या दुकानात बसलो. मी तिला विचारलं, "कुणावर गेला हुता गं रंगानं?"

"माझ्यावर. दुसऱ्या कुणावर जाईल?"

मी तिला दाराशी उभी केली आणि फ्लॅश न लावता तिचा फोटो काढला. ती कॅमेऱ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होती. चार वाजता लाइट आल्यावर तिच्या गालाचा रंग उचलून त्याच्या गालावर दिला. आता जमलं, असं मला खरंच वाटलं. प्रिंट घेऊन मी जवळजवळ पळत पायरीवर गेले.

तिनं बराच वेळ बघितलं. "ही मी हाय," ती म्हणाली. "त्यो न्हाई."

मी तरीही थांबले नाही. थोडा पिवळा वाढवला, थोडा निळा कमी केला. बाकावर प्रिंटा पसरत गेल्या, सगळ्यांवर तोच चेहरा, प्रत्येकावर वेगळा रंग. नवरा एकदा म्हणाला, "बास कर आता." मी त्याच्या अंगावर ओरडले. मला काहीही करून आईच्या तोंडून एकदा "व्हय" ऐकायचं होतं.

मग कधीतरी ती "न्हाई" म्हणायची थांबली. एक प्रिंट उचलायची, ठेवायची, दुसरी उचलायची, परत पहिलीकडे यायची. पदरानं डोळे पुसून पुन्हा बघायची.

"असा हुता का गं?" तिनं मला विचारलं.

"आई, मला काय इचारतीस? तूच सांग. तुला ठावं हाय."

"सकाळी ठावं हुतं," ती म्हणाली. "आता ह्ये समदेच त्यो दिसत्यात."

सकाळी ती आली तेव्हा तिच्याकडे तरी तो होता, बरोबर रंगाचा. दिवसभर एकेक प्रिंट तिच्या डोळ्यांपुढे धरून तोही मी पुसून टाकला होता.

दौंडच्या एसटीची वेळ झाली. तिनं टॉवेल झटकला, फ्रेमची मागची पट्टी सोडून जुना फोटो बाहेर काढला आणि रिकामी फ्रेम माझ्यापुढं धरली.

"ह्यातला कुठलाबी दे."