तेरावी घरघर

सुलोचनाअक्का माणसाच्या बोलण्याआधी त्याच्या मागचे आवाज ऐकायच्या. धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये उभी हयात काढून त्या निवृत्त झाल्या, मग हौशी रेडिओचा, म्हणजे घरच्या सेटवरून एकमेकांशी बोलण्याचा, परवाना घेतला आणि रोज सकाळी आठला आम्हा रेडिओवेड्यांची हवेतूनच हजेरी घ्यायला लागल्या. परवाना मिळाल्यावर मी पहिल्यांदा बोललो तेव्हा मला घाम फुटला होता. नाव-गाव पाठ केल्यासारखं सांगून टाकलं. पलीकडून शांत आवाज आला, "स्वागत आहे मास्तर. आधी कुकर बंद करून या, पाचवी शिट्टी झाली." मी तंत्रनिकेतनात शिकवतो हे त्यांना ठाऊक होतं. डाळ करपतेय हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

अक्का जाऊन वर्ष होत आलं. कोणाला सर्दी झाली, कोण घरात भांडून सेटवर बसलंय, हे त्यांना एका वाक्यात कळायचं. चारचौघांत तसं कधी बोलून दाखवायच्या नाहीत, नंतर फोन करून चौकशी करायच्या. आमचा एक व्यापारी मित्र तर सांगायचा, की बायकोपेक्षा अक्कांचीच जास्त भीती वाटते.

आमची सगळी मदार टेकडीवरच्या रिपीटरवर. खालून आलेला आवाज झेलायचा आणि जोरानं लांबवर फेकायचा, एवढंच त्याचं काम. तो जुना झाला तेव्हा नवा डिजिटल बसवायचं ठरलं आणि काम माझ्याकडे आलं. आवाज एकदम स्वच्छ, शिवाय बोलणाऱ्याचं नाव सेटच्या पडद्यावर दिसायचं. पहिल्याच सकाळी मी ऐटीत विचारलं, सगळ्यांना नीट ऐकू येतंय ना? ज्यांनी उत्तर दिलं ते सगळे हो म्हणाले.

बाकीच्यांसारखा अक्कांनीही नवा सेट घेतला, पण त्या काही खूश नव्हत्या. नव्या यंत्रात मागचे आवाज गाळले जायचे. "माणूस येतो मास्तर, त्याचं घर येत नाही," त्या म्हणाल्या. यालाच प्रगती म्हणतात, असं मी त्यांना ऐकवलं. मला तेव्हा असली वाक्यं फार सुचायची.

त्या दिवसापासून शिंदखेड्याचे नाना गप्प झाले. नाना जुने लाइनमन. पक्षाघातानंतर त्यांची जीभ जड झाली होती, म्हणून ते फोनवर बोलायचे टाळत, पण हजेरी कधी चुकवली नव्हती. त्यांचा सेट जुना, डिजिटलच्या आधीचा अ‍ॅनालॉग, आणि नवा त्यांनी घेतलाच नाही. मला वाटलं, कंटाळून सोडून दिलं असेल. अक्का मात्र यादीत सातवं असलेलं त्यांचं नाव रोज घेत आणि थांबत. वेळ जातो म्हणून मी एकदा कुरकुर केली, तर म्हणाल्या, "जाऊ दे की. तुम्हाला कुठं गाडी पकडायचीय?"

शेवटी त्यांनी नानांच्या सुनेला फोन केला. ती म्हणाली, नाना बरे आहेत, रोज आठला सेटपाशीच असतात. दुसऱ्या दिवशी हजेरीचं काम व्यापारी मित्रावर सोपवून त्या पहाटेच्या एसटीनं निघाल्या आणि मलाही सोबत घेतलं.

आम्ही पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. नानांनी हातानंच बसा अशी खूण केली आणि बोट ओठांवर ठेवलं. सेटमधून घर्रर्र असा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. जुन्या सेटला डिजिटल आवाज असाच ऐकू येतो, एक शब्द कळत नाही. मी हे वर्गात शिकवतो. नाना मात्र डाव्या हाताची बोटं दुमडत मोजत होते. नाव पुकारल्याची एक घरघर, उत्तराची दुसरी. सहा माणसांच्या बारा झाल्या. तेरावी, त्यांच्या नावाची, थांबली तशी त्यांनी लुळ्या उजव्या हाताच्या कोपरानं बटण दाबलं आणि सावकाश, एकेक अक्षर ओढत बोलले, "शिंदखेडा. मी शे." त्यांच्या अहिराणीत, मी आहे.

टेकडीवरच्या माझ्या यंत्रानं ते घेतलं नाही. त्याला मी फक्त डिजिटल ऐकायला सांगितलं होतं. चौदावी घरघर आली, ती पुढच्या माणसाच्या नावाची.

नाना अक्कांकडे वळले. "मी रोज जवाब देस, अक्का. तुमले ऐकू येस नही का?"

आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज जोडून देणारी ती बाई पदर डोळ्यांना लावून बसली. मला तर मान वर करवेना.

परतीच्या एसटीत त्या माझ्यावर रागावल्या नाहीत, हेच मला जास्त लागलं. रिपीटरला दोन्ही प्रकारचे आवाज घेता येतात का, एवढंच विचारलं. येतात, मी म्हणालो, आणि बाहेर सगळं जुन्या पद्धतीनं सोडता येतं, ते नव्या सेटलाही ऐकू येतं, फक्त पडद्यावर नावं दिसणार नाहीत. "नावं मी घेते की," अक्का म्हणाल्या. त्याच दुपारी मी टेकडी चढलो आणि ती सोय केली.

दुसऱ्या दिवशी आठला हजेरी सुरू झाली. सातवं नाव आलं. खरखरीतून, ओढत ओढत आवाज आला, "शिंदखेडा. मी शे. बठ्ठा शेतस ना?" सगळे आहात ना, असं ते विचारत होते.

अक्कांनी आठवं नाव घेतलं नाही. "नाना, पुन्हा एकदा बोला," त्या म्हणाल्या. नाना पुन्हा बोलले. अक्कांनी तिसऱ्यांदा बोलायला लावलं, आणि मधे कोणीही बोललं नाही.